शस्त्रक्रियेनंतरची रोजची गोळी : किती दिवस आणि कशासाठी?



एक घर डोळ्यांपुढे आणा. घरातले आबा साठीच्या पुढचे. दीड वर्षापूर्वी त्यांना घास अडकू लागला. आधी भाकरी अडकायची, मग भात, पुढे पुढे पेजही उतरेना. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. औषधे झाली, मोठी शस्त्रक्रिया झाली आणि आबा घरी आले. आता ते बांधावर जाऊन बसतात, बैलांना हाळी देतात, चार घास खातात. मागे राहिली ती एकच गोष्ट : रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी.

कांदा काढणीच्या गडबडीत गोळ्या संपल्या. तालुक्याला जायला कुणालाच सवड नव्हती. आबाही म्हणाले, "मला आता काही होत नाही. जन्मभर का गोळ्या खायच्या? राहू द्या." चार दिवस बरे गेले. पाचव्या रात्री छातीत आग पडली, आंबट पाणी घशाशी आले आणि खोकल्याची उबळ थांबेना. महिना-दीड महिन्याने भाकरीचा घास पुन्हा अडकला, तेव्हा घरातल्यांच्या काळजाचे पाणी झाले. तोच रोग उलटला की काय? तपासणीत कळले, रोग उलटला नव्हता. शिवलेला जोड आवळून अरुंद झाला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तो रुंद केला, तेव्हा कुठे घास उतरला.

असे घर तुमच्याही पाहण्यात असेल. ही गोळी कशासाठी असते, ती किती दिवस घ्यायची आणि वर्षानुवर्षे घेताना काय सांभाळायचे, ते आज पाहू.

पाटाचे दारच काढले तर

आपण गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो. नलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. जठरात तयार होणारे आम्ल फार तीव्र असते. जठराच्या आतल्या अस्तराला ते सोसते, अन्ननलिकेला सोसत नाही. म्हणून झडप महत्त्वाची.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा रोगट भाग काढून टाकतात. बहुतेक वेळा जठराचीच लांबट नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. हे करताना तीन गोष्टी बदलतात. पहिली, झडप जाते. दुसरी, पोटातले जठर छातीत येते; छातीत दाब कमी आणि पोटात जास्त, त्यामुळे आतले पाणी वरच्या बाजूला ओढ घेते. तिसरी, जठराला चालना देणारी मज्जातंतूंची जोडी कापली जाते, म्हणून जठर सावकाश रिकामे होते. पाटाचे दार काढले, वरून चढही मोडला, तर पाणी मागे फिरणारच. ही शस्त्रक्रिया करणाऱ्याची चूक नव्हे. जीव वाचवताना दिलेली ती किंमत आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही काळ जठरातले आम्ल कमी असते. पुढे ते हळूहळू वाढू शकते. म्हणून "पहिले सहा महिने काही त्रास नव्हता, आताच कसा सुरू झाला?" असे कुणी म्हणाले तर नवल नाही.

गोळी काय करते, काय करीत नाही

जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे बारीक पंप असतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही औषधे ते पंप बंद करतात. यातले पहिले औषध ओमेप्राझोल. ते स्वीडनमध्ये 1979 मध्ये तयार झाले आणि 1988 मध्ये बाजारात आले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोळी आम्लाचा डंख काढते, उलटे येणारे पाणी थांबवत नाही. शिवाय आतड्यातले पित्तही वर येऊ शकते. त्याची चव कडू असते आणि त्यावर या गोळीचा उपयोग होत नाही. म्हणून गोळी घेऊनही बसण्या-झोपण्याचे नियम पाळावेच लागतात.

तरीही गोळीचे काम मोठे आहे. जोडावर रोज आम्ल पडत राहिले तर तो सुजतो, त्यावर व्रण पडतात आणि भरून येताना तो आवळतो. स्वीडनमध्ये अशा रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचा निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांमध्ये जोड आवळण्याचे प्रमाण बरेच कमी दिसले. म्हणजे ज्याला जळजळ जाणवत नाही, त्यालाही गोळीचा फायदा असू शकतो. आबांची गफलत झाली ती इथेच.

गोळी घेण्याची रीत

ही गोळी जेवणावर घ्यायची नसते. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा ते एक तासाने चहा किंवा न्याहारी करा. आपल्याकडे उठल्याबरोबर आधी चहा लागतो. गोळीची डबी चुलीच्या उष्णतेपासून दूर, पण नजरेसमोर ठेवा, म्हणजे आधण ठेवायच्या आधी आठवण होईल.

गोळी चावू नका, कुटून पूड करू नका. तिच्यावरचे आवरण आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असते. गिळायला जड जात असेल तर डॉक्टरांना सांगा. काही औषधे अशा रुग्णांना सोयीच्या रूपातही मिळतात.

पाकिटावरचे नाव नीट वाचून घ्या. पुष्कळ गोळ्यांमध्ये आम्लाच्या औषधाबरोबर डोंपेरिडोन नावाचे दुसरे औषध मिसळलेले असते. त्याने क्वचित हृदयाचे ठोके बिघडतात. युरोपच्या औषध नियंत्रकांनी 2014 मध्ये ते कमी मात्रेत आणि थोडे दिवसच वापरावे असे सांगितले. जठर सावकाश रिकामे होते म्हणून डॉक्टरांनी ते मुद्दाम दिले असेल तर घ्या. पण दुकानदाराने "तेच आहे" म्हणून दिलेली जोडगोळी वर्षानुवर्षे घेऊ नका.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. जन औषधी केंद्रात हीच औषधे मूळ नावाने स्वस्तात मिळतात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा. आणि दहा गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या, असा घरात नेमच करा.

वर्षानुवर्षे घेताना

"या गोळीने हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंड जाते," असे पारावर कुणीतरी सांगतेच. त्यात तथ्य किती? जे लोक दीर्घकाळ ही गोळी घेतात त्यांच्यात काही त्रास अधिक दिसतात, हे खरे. पण ते त्रास गोळीमुळेच होतात असे दरवेळी सिद्ध झालेले नाही. हृदयविकाराच्या 17,000 हून अधिक रुग्णांवर सुमारे तीन वर्षे चाललेल्या एका चाचणीचा निकाल 2019 मध्ये आला. तीत पँटोप्राझोल घेणाऱ्यांमध्ये आतड्याचा संसर्ग तेवढा थोडा जास्त आढळला. हाडे मोडणे किंवा मूत्रपिंडाचा विकार वाढल्याचे दिसले नाही. ते रुग्ण शस्त्रक्रिया झालेले नव्हते, हेही लक्षात असू द्या. म्हणून घाबरून गोळी टाकू नका, पण काही गोष्टींवर नजर ठेवा.

पहिली गोष्ट ब 12 जीवनसत्त्वाची. अन्नातून ते सुटे व्हायला आम्ल लागते. जठराचा काही भाग गेला आणि वर रोज गोळी, म्हणजे दोन्हीकडून तोटा. त्यात घर माळकरी असेल तर ब 12 मिळायचे ते दूध-दह्यातूनच. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल होऊन दुखणे, चालताना तोल जाणे, फार थकवा येणे ही कमतरतेची लक्षणे असू शकतात. वर्षातून एकदा रक्त तपासायचे का, हे डॉक्टरांना विचारा. कमतरता निघाली तर गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने ती भरून काढता येते.

लोहाचे आणि कॅल्शियमचेही थोडे असेच आहे. रक्त कमी होत असेल, हाडे दुखत असतील तर सांगा. पायात वारंवार गोळे येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे हे मॅग्नेशियम कमी झाल्याचे चिन्ह असू शकते. त्यासाठीही रक्ताची साधी तपासणी असते.

आम्ल हे पोटाचे राखणदारही आहे. ते कमी झाले की पाण्यातले जंतू सहज आत शिरतात. म्हणून अशा माणसाला पावसाळ्यात पाणी उकळूनच द्या. विहिरीचे पाणी "आम्ही पिढ्यान् पिढ्या पितो" म्हणून तसेच देऊ नका.

थायरॉईडची गोळी, किंवा हृदयासाठी रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही औषधांचे एकमेकांशी जमत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. त्या जठराला व्रण पाडतात.

एकदम बंद करू नका

बरेच महिने घेतलेली गोळी अचानक थांबवली की दबलेले पंप जोराने कामाला लागतात. काही आठवडे आधीपेक्षा जास्त आम्ल सुटते. मग माणसाला वाटते, मूळ आजारच वाढला. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून पायरीपायरीने करावी.

शस्त्रक्रिया कोणती झाली, यावरही उत्तर ठरते. अन्ननलिका काढून जठर वर ओढलेल्यांना गोळी बरीच वर्षे, कित्येकदा कायमची लागते. जळजळीसाठीच जठराचा वरचा भाग नलिकेभोवती गुंडाळून झडप बळकट करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुष्कळांची गोळी सुटू शकते. तरी अनेक जण सवयीने ती चालूच ठेवतात. अन्ननलिकेचा आवळलेला स्नायू मोकळा केला असेल, तर त्याचा हिशेब वेगळा. म्हणून दरवर्षी एकदा डॉक्टरांना सरळ विचारा, "ही गोळी मला अजून का लागते? मात्रा कमी होईल का?" असे विचारण्यात संकोच नको.

घरात पाळायचे

बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ते टोक सहा ते आठ इंच उंच करा. जठर छातीत ओढलेले असेल तर याहूनही उंच, जवळजवळ टेकून झोपायला सांगतात. नुसत्या दोन उशा घेतल्या तर माणूस कमरेत दुमडतो आणि पोट दाबले जाते. सपाट झोपू नये. रात्री आंबट पाणी श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते आणि ते जिवावर बेतू शकते.

थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास उरकावे. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारा घरी येऊन जेवतो आणि लगेच आडवा होतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाकडे ती पाळी देऊच नका. जेवणानंतर खुरपणी, धार काढणे, पोते उचलणे अशी वाकण्याची कामे टाळावीत. ठेचा, तळकट, जास्त चहा ज्याला सोसत नाही त्याने सोडावे. तंबाखू, मिसरी, बिडी, दारू यांना मात्र घरात जागा नको.

घास पुन्हा अडकू लागला, वजन उतरू लागले, काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली, रात्री खोकून ताप येऊ लागला, तर वाट पाहू नका. गोळी वाढवून घरी बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शेवटचे एक. शस्त्रक्रियेचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि कोणत्याही नव्या डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या. जठर छातीत असलेल्या माणसाची छातीची क्ष-किरण तसबीर वेगळी दिसते. माहीत नसलेल्याचा गैरसमज होऊ शकतो.

आबांच्या घरी आता कॅलेंडरवर खुणा होतात. सकाळी गोळी दिली की सूनबाई त्या दिवसावर एक रेघ ओढते. रेघ दिसली नाही तर नातू विचारतो, "आबा, गोळी?" आबा थोडे कुरकुरतात आणि घेतात. तुमच्याही घरात असे कुणी असेल, तर आजपासून कॅलेंडरवर एक रेघ ओढायला लागा.