तीन चाकं, दोन पौंड हवा

‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ (१९७१) पाहिलाय? त्यात शॉन कॉनरी नेवाडाच्या वाळवंटात एका विचित्र गाडीवरून सुसाट पळतो. पुढे एक चाक, मागे दोन, टायर एकदम गलेलठ्ठ, फुग्यासारखे. आपल्याकडे तीन चाकं म्हटलं की रिक्षा. पण ही रिक्षा नव्हे हं! ही होंडाची ऑल टेरेन सायकल, म्हणजेच एटीसी. गेल्या हिवाळ्यात अशीच एक म्हातारी तीनचाकी माझ्या गॅरेजमध्ये येऊन पडली, आणि माझे सगळे वीकेंड तिने खाऊन टाकले.

आधी थोडा फ्लॅशबॅक. १९६७ मध्ये होंडाच्या अमेरिकेतल्या मंडळींनी जपानला साकडं घातलं, की थंडीत मोटरसायकली खपत नाहीत, डीलरना विकायला काहीतरी द्या. ओसामू ताकेउची या इंजिनिअरने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून पाहिलं. बर्फात, चिखलात आणि वाळूत पास झाली ती तीन चाकं. १९७० मध्ये यूएस ९० नावाने ती बाजारात आली. ८९ सीसी इंजिन, किंमत ५९५ डॉलर, आणि सस्पेन्शन? नाहीच! टायर हेच सस्पेन्शन. पुढे यामाहा, कावासाकीही या धंद्यात उतरल्या. १९८१ ला २५० आर आली, दोन स्ट्रोकची, आणि मामला फुल टू रेसिंगचा झाला.

मग अपघात सुरू झाले. हॉस्पिटलात येणाऱ्यांत लहान पोरं खूप होती. १९८८ मध्ये सरकारी सुरक्षा आयोग आणि कंपन्या यांच्यात कोर्टाच्या देखरेखीखाली करार झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने, वेगळं सुरक्षा मानक येईपर्यंत, नव्या तीनचाकींच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदीच घातली. जुनी मात्र बाळगता येते. थोडक्यात काय, ही गाडी हवी असेल तर जुनीच घ्यायची आणि दुरुस्त करायची. दुसरा रस्ताच नाही.

मी राहतो मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सच्या बाहेर. शेजारच्या आजोबांकडे १९७९ ची एटीसी ११० कोठारात धूळ खात पडली होती. त्यांनी ती मुलासाठी घेतलेली. मुलगा मोठा झाला, शहरात गेला. आता नातू बारा वर्षांचा आहे आणि त्याला ‘डॅडची ट्रायक’ चालवायचीय. “तू इंजिनिअर आहेस ना? मग बघ की जरा!” आजोबांनी फर्मान काढलं. मी सॉफ्टवेअरवाला, हे त्यांना पटवण्यात अर्थ नव्हता.

इंजिन? ते तर आपलंच!

पहिल्या रात्री सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला व्हिडिओ कॉल लावला. कव्हर उघडून इंजिन दाखवलं. पठ्ठ्या हसायलाच लागला. “साहेब, हे आपलं स्प्लेंडरचंच की ओ!” अगदी तेच नसलं तरी घराणं एकच. होंडाच्या आडव्या सिलिंडरच्या छोट्या इंजिनांचं. एटीसी ११० चा बोअर ५२ मिलिमीटर, स्प्लेंडरचा ५०. स्ट्रोक दोघांचा ४९.५! टॅपेटचा गॅपही ०.०५. सातासमुद्रापलीकडे फीलर गेज हातात घेऊन मी टॅपेट सेट करतोय आणि सांगलीहून “जरा कडक हाय, अजून पाव आटा सोडा,” अशी कॉमेंट्री चाललीय. जाम मजा आली राव.

इंजिनाचं दुखणं बहुतेक वेळा पेट्रोलचं असतं. वर्षानुवर्षं टाकीत राहिलेलं पेट्रोल वाळून लाखेसारखं घट्ट होतं आणि कार्ब्युरेटरच्या पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजवतं. मग गाडी चोक ओढला की चालते, चोक काढला की मरते. जेटमध्ये टाचणी किंवा स्टीलची तार घालायची नाही. भोक मोठं झालं की संपलं. कार्ब क्लिनर, हवेचा झोत आणि फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक तंतू. टाकीतल्या गंजासाठी पांढरं व्हिनेगर रात्रभर, सोबत मूठभर नट टाकून खळखळवायचं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि लगेच पूर्ण सुकवायचं, नाहीतर सकाळपर्यंत नवा गंज हजर. रबरी नळ्या सरळ नव्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही.

इग्निशन पॉइंटवालं. पॉइंटवर काजळी होती, ती घासली, गॅप ०.३५ वर आणला आणि तिसऱ्या दोरीला इंजिन फटफटलं. आजोबा कोठाराच्या दारात उभे होते. काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला.

इथे बहुतेक लोक थांबतात. सुरू झाली ना? मारा रंग, लावा स्टिकर, टाका फोटो! माझं मत विचाराल तर खरं काम इथून पुढे आहे. ही गाडी सुरू होणं आणि नीट चालणं यात माणसाच्या हाडांचा प्रश्न आहे.

हाडांचा प्रश्न

मागची दोन्ही चाकं एकाच सळसळीत दांड्यावर घट्ट. डिफरन्शियल नाही. वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळं अंतर कापायचं असतं, पण फिरतात दोन्ही सारखीच. म्हणून हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायचं म्हणते. वजन बाहेरच्या फूटपेगवर, अंग आत झुकवलेलं, असं बसलं की आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि मग गाडी वळते. म्हणजे अर्धं स्टिअरिंग तुमच्या कमरेत! अशा गाडीचे मागचे बेअरिंग ढिले असतील, तर वळणाच्या मधोमध ती काय करेल याचा नेम नाही.

मागची बाजू उचलून चाक दोन्ही हातांनी हलवलं. कटकट आवाज. बेअरिंगच्या जागी तपकिरी पीठ होतं. नवे बेअरिंग, नवे सील. हबच्या आतले आटे तपासले, ते शाबूत निघाले, नशीब! पुढचं हँडल फिरवताना मधे अडकत होतं, तिथलेही बेअरिंग बदलले. मग फ्रेमचे जोड वायर ब्रशने उघडे करून टॉर्चच्या उजेडात तडे शोधले. ब्रेक तर फक्त मागेच असतो, त्यामुळे त्याच्या शूजवर काटकसर नाही.

आणि टायर. पंपावर आपण “तीस मार” म्हणतो ना, इथे हवा लागते जेमतेम दोन पौंड. साध्या गेजला ती दिसतही नाही, वेगळा लो प्रेशर गेज घ्यावा लागतो. भरायची सायकलच्या पंपाने. मागच्या दोन टायरमध्ये अर्ध्या पौंडाचाही फरक पडला तर गाडी एका बाजूला ओढते. जुन्या टायरच्या कडांना चिरा होत्या, म्हणून मागची जोडी एकदम नवी घेतली. खिशाला सगळ्यात मोठं भोक इथेच पडलं.

हे सगळं करताना नातू शेजारी. सील बसवणं, ग्रीस भरणं, गेज वाचणं, पोरगं तयार झालं. मग तो प्रश्न आलाच, “आता मी चालवू?”

मिशिगनचा कायदा स्पष्ट आहे. सोळाच्या आतल्या मुलाने तीनचाकी चालवायची नाही. आजोबा म्हणाले, “त्याचा बाप आठव्या वर्षी चालवायचा. आणि हे माझं शेत आहे.” मी म्हटलं, “आजोबा, तुमच्या शेताशी माझं काही भांडण नाही. पण हा पडला तर ती बेअरिंग मी बसवलेली असतील.” दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी आजोबा आले, हेल्मेट घेऊन. स्वतःसाठी.

त्यांनी शेतात तीन चकरा मारल्या. मग मी बसलो. पुण्यात स्कूटर चालवून वाढलेल्या माणसाला एक सवय असते. तोल गेला की पाय खाली! इथे नेमकं तेच करायचं नाही. खाली टेकलेल्या पायावर मागचं चाक चढतं आणि घोटा, नडगी जे हाती लागेल ते मोडतं. पाय पेगवर, काहीही झालं तरी. पहिला अर्धा तास मी मनात एवढंच घोकत होतो.

प्लगची कॅप आता आजोबांच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये असते. नातवाला अजून चार वर्षं आहेत. तोवर दर शनिवारी हवा तपासायची आणि पहिला बर्फ पडायच्या आत फ्लोट बाऊलचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाकायचं, ही ड्यूटी त्याची. गेज त्याने स्वतःच्या खोलीत ठेवलाय, मला हात लावू देत नाही.