साखरेच्या गोळ्याला रंग देताना

नाताळ, वाढदिवस, बाप्तिस्मा अशा प्रसंगी घरच्या घरी केक भाजणाऱ्या भगिनी अलीकडे पुष्कळ आढळतात. केक बहुधा साधतो. परंतु त्यावर पांघरावयाच्या पांढऱ्याशुभ्र, मऊ आवरणाला रंग देण्याची वेळ आली म्हणजे अनेकींचा धीर सुटतो. या आवरणाला फाँडंट म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘वितळणारे’ असा आहे. आणि माझा पहिला फाँडंट खरोखरीच वितळला होता.

प्रसंग भाच्याच्या बाप्तिस्म्याचा होता. बेळगावचा जुलै महिना, बाहेर संततधार. मला गडद गुलाबी कळ्या करावयाच्या होत्या, म्हणून अर्धा किलोच्या गोळ्यावर मी पातळ तांबडा रंग चमचाभर ओतला. रंग फिका दिसला, तेव्हा आणखी एक चमचा ओतला. पाहता पाहता गोळा बोटांना चिकटू लागला, मग पोळपाटाला. पिठीसाखर घालून सावरावा, तर तो कोरडा पडून भेगाळला. अखेर त्या दिवशी केक आवरणावाचूनच पाहुण्यांपुढे गेला. पुढे गल्लीतल्या बेकरीत काम करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “बाई, पातळ रंग सरबताला. गोळ्याला घट्ट रंग काडीनं लावा, आणि रात्रभर झाकून ठेवा.”

एवढ्या सल्ल्यात सारे आले. पण त्यामागचे कारण समजल्यावाचून हातून तीच चूक पुन्हा होते. फाँडंट म्हणजे मुख्यतः अतिशय बारीक दळलेली साखर. तिला बांधून ठेवण्यासाठी ग्लुकोजचा पाक व जिलेटिन, आणि मऊपणा टिकावा म्हणून थोडे ग्लिसरीन. पाणी त्यात फारच थोडे असते. साखर कणांच्या रूपात राहते आणि कणाकणांमध्ये घट्ट पाकाचा पातळसा थर असतो. आता पाणी हे आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट साखर विरघळवते. म्हणजे ५ ग्रॅम पाणी पडले की १० ग्रॅम साखर कणरूप सोडून पाक होऊ पाहते. पातळ रंगात बहुतांशी पाणीच असते; माझ्या दोन चमच्यांनी काय केले असेल, हे यावरून ध्यानी येईल. पावसाळ्यातली दमट हवाही, सावकाश का होईना, हेच करते. म्हणून फाँडंटसाठी जेल स्वरूपातला घट्ट रंग घ्यावा. त्यात पाणी कमी आणि रंग पुष्कळ असतो.

दुसरी गोष्ट धीराची. खडीसाखर पारदर्शक दिसते, पण तीच कुटून पिठीसाखर केली की पांढरी दिसते. कारण असंख्य बारीक कणांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. या पांढरेपणातून रंगाला वर यावयाचे असते, म्हणून तो प्रथम फिका भासतो. शिवाय रंग पाकाच्या थरातून हळूहळू पसरतो आणि काही तासांनी गडद होतो. नवशिकीला हे ठाऊक नसते. ती घाईने आणखी रंग घालते, आणि सकाळी पाहावे तो गुलाबीचा भडक तांबडा झालेला असतो.

प्रत्यक्ष कृती अशी. लागेल त्याहून थोडा जास्त गोळा घ्यावा, कारण कमी पडल्यास तीच छटा पुन्हा जुळविणे फार कठीण. हाताला किंचित वनस्पती तूप लावून गोळा मऊ होईपर्यंत मळावा. दात कोरण्याच्या काडीचे टोक रंगात बुडवून गोळ्यावर दोन-तीन ठिकाणी ओढावे, आणि कणीक तिंबतो तसे दुमडून, दाबून मळत राहावे. प्रत्येक वेळी नवी काडी घ्यावी, म्हणजे साखरेचे कण रंगाच्या डबीत जात नाहीत. पट्टे नाहीसे होईपर्यंत मळावे; अर्थात संगमरवरासारखे रूप हवे असेल तर आधीच थांबावे. मग गोळा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा. हातमोजे घालावेत, निळी बोटे घेऊन दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहणे फारसे शोभत नाही!

आरंभी फिक्या छटाच निवडाव्यात. निळा व पिवळा मिळून हिरवा, तांबडा व पिवळा मिळून नारिंगी, हे चित्रकलेच्या तासाला आपण शिकलोच आहोत. खरी कसोटी गडद तांबड्याची आणि काळ्याची. तिथे इतका रंग घालावा लागतो की गोळा सैल पडतो आणि चव कडवट होते. काळा हवा असल्यास आधी कोकोने गोळा तपकिरी करावा, मग काळा रंग थोडाच लागतो. जास्वंदीसारखा लाल हवा असेल, तर माझ्या मते तयार लाल फाँडंट विकत आणण्यात कमीपणा नाही.

रंग दिल्यावरही त्याला जपावे लागते. गुलाबी रंग उजेडात उडतो. जांभळ्यातला गुलाबी उडाला की निळाच मागे उरतो. फ्रिजमधून काढलेल्या केकवर दव धरते आणि रंग ओघळतात. केक पुठ्ठ्याच्या खोक्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. हा रंग मुलांच्या पोटात जाणार आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात कर्नाटक सरकारने रंगीत ‘बुढ्ढी के बाल’ आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती तपासणीत ऱ्होडामाइन-बी सारखे रंग सापडल्यामुळे. ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याच्या कामाचा रंग. खाद्यपदार्थांत त्याला मुळीच परवानगी नाही. तेव्हा सुटा, पुडीतला रंग कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. डबीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि आतील रंगाचे नाव छापलेले असावे. चमकीच्या बाबतीत विशेष सावध राहावे: डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ एवढेच लिहिले असेल, तर तिला विषारी नसलेली म्हणता येईल, खाण्याजोगी नव्हे, पुष्कळदा ती निव्वळ प्लॅस्टिकची असते. पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतील, तर तयार फाँडंटवर हिरवा ठिपका आहे ना, हेही पाहावे, कारण जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते.

कृत्रिम रंग नकोच असतील तर घरातही साधने आहेत. कोको सर्वांत भरवशाचा. चिमूटभर हळदीने सुरेख पिवळा येतो. जास्त झाली तर वास येतो. बिटाचा रस पातळ, म्हणून बिटाची पूड घ्यावी. तिचा गुलाबी लवकर फिकटतो, तेव्हा ही फुले आदल्या रात्री नव्हे, त्याच सकाळी करावीत. भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी तशीच केली. कळ्या फिक्याच होत्या, पण या वेळी त्या केकपर्यंत पोहोचल्या.