जुन्या नकाशातले गाव

कोयना नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. सह्याद्रीच्या कुशीतून ती दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वरच्या बाजूला धरण बांधले. 1964 पर्यंत ते पुरे झाले. खोऱ्यातली अनेक गावे पाण्याखाली गेली. कोणी ठाण्याकडे गेले, कोणी सोलापूरकडे.

आपले गाव कुठे होते, हे त्यांनी नातवंडांना कसे दाखवावे? धरणाआधीचा नकाशा ते दाखवतो.

असे नकाशे भारतीय सर्वेक्षण खात्याने काढले. हे खाते 1767 सालापासूनचे. खात्याची माणसे डोंगर चढत, तिपाईवर फळी ठेवत, दूरची शिखरे न्याहाळत आणि फळीवरच्या कागदावर खुणा करत. जमिनीवरचा एक मैल म्हणजे कागदावर एक इंच. डोंगरातला मैल पायांना मात्र मोठा लागतो!

नकाशात निळे ते पाणी, हिरवे ते रान. डोंगरावर तपकिरी रेघा दिसतात. त्या कसल्या? उन्हाळ्यात तळ्याचे पाणी उतरते, तेव्हा काठावर एकाखाली एक रेघा उमटतात. एका रेघेवरची सगळी जागा सारख्याच उंचीची असते. नकाशातल्या रेघाही तशाच. जुन्या नकाशात एका रेघेपासून दुसरीपर्यंत 50 फुटांचा चढ असे. रेघा दाट असल्या, तर उभा कडा समजा. विरळ असल्या, तर सपाटी.

अशा रेघांवरूनच धरणाचे पाणी कुठवर चढेल ते कळते. रेघेच्या खालचे गाव बुडते, वरची वाडी राहते. पण पुष्कळ वेळा वाडी वर आणि तिची भातशेती खाली, असे असते. मग वाडी राहूनही तिने खावे काय?

आज नव्या नकाशात तिथे नुसता निळा रंग आहे. जुन्यात घरे आहेत, ओढा आहे, पायवाट आहे. मात्र शेताचा बांध त्यात शोधू नका. इंचात मैल बसवल्यावर बांध कुठला मावणार? हद्दीसाठी गावचा नकाशा वेगळा असतो. तो भूमी अभिलेख कार्यालयात मागावा.

आणखी एक. वाड्यांची नावे साहेबांच्या वेळी ऐकून इंग्रजी अक्षरांत लिहिली, म्हणून काही वेडीवाकडी झाली आहेत. नकाशा वाचताना शेजारी त्या खोऱ्यातली एखादी आजी बसवावी. खरे नाव ती सांगेल.