शेतात जुनी अंगठी सापडली तर

सुवर्णनगरी जळगाव जवळच, त्यामुळे नांगरताना जुनी अंगठी हाती लागली की पाय आपोआप सराफ बाजाराकडे वळतात. पण मुशीत गेली की वजन तेवढं उरतं. इंग्रजांच्या शोकमुद्रिकाच घ्या: मृताचं नाव, तारीख, काळं मीनाकाम, कधी त्याच्या केसांची बटही. सोनं थोडंच, खरं मोल त्या कोरीव अक्षरांचं.

१८७८ चा गुप्तधनाचा कायदा असा: जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर काय, कुठे, कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ते बेवारस ठरलं, जमीनमालकानेही दावा केला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर ज्याला सापडलं त्याला तीन चतुर्थांश, उरलेलं मालकाला. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश मिळतो. लपवणाऱ्याचा वाटा जातो, शिवाय वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

प्रवरेकाठच्या दायमाबादची प्रसिद्ध ब्राँझशिल्पं, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ, १९७४ मध्ये एका गावकऱ्यालाच सापडली होती. ती मोडीत गेली असती तर केवढा ठेवा हरवला असता! म्हणून वस्तू घासूनपुसू नका आणि सापडल्या जागेचा फोटो आधी काढा.