हलकी होडी की जड नौका?

शहापूरचं भातसा धरण किंवा मुरबाडकडचं बारवी, तिथे शिडाची होडी न्यायची झाली तर कोणती? जड नौकेचं उदाहरण घ्या: दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली, ५६ फुटी, सुमारे २३ टनांची. अशा नौकेच्या तळाशी जड कील असते. वारा शिडाला आडवं पाडू लागला की हे खालचं वजन तिला पुन्हा उभं करतं. पण तिला पाणी खोल लागतं, उतरवायला क्रेन लागते. याउलट हलकी लेझर होडी जेमतेम ५९ किलोंची, डोलकाठी-शीड वेगळं. जीपमागच्या ट्रेलरवर मावते. मधली फळी वर ओढली की गुडघाभर पाण्यातही काठाला लागते. तोल मात्र खलाशानं सांभाळायचा, कडेला बसून, अंग बाहेर झोकून. भिजणं ठरलेलंच! उन्हाळ्यात काठ दूर सरकणाऱ्या धरणांसाठी माझं मत हलकीलाच. परवानगी आणि लाइफ जॅकेट आधी घ्या.