एकच साठा, दोन देश आणि युरियाची गोणी

जून उजाडला की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरी, सेनगावच्या कृषी सेवा केंद्रांपुढे युरियासाठी रांगा लागतात. आधार क्रमांक सांगून पॉस मशीनवर अंगठा टेकवला की निमकोटेड युरियाची 45 किलोची गोणी साधारण 266 रुपये 50 पैशांना मिळते. त्या पांढऱ्या दाण्यांत 46 टक्के नत्र असते. नत्र हवेतून घेता येते, पण त्याचा अमोनिया करायला हायड्रोजन लागतो आणि तो नैसर्गिक वायूतून काढतात. युरियाच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा या वायूचाच. हिंगोलीच्या हळदीला आणि कापसाला लागणारे हे खत असे थेट वायूच्या जागतिक बाजाराशी बांधलेले आहे.

भारताकडे स्वतःचा वायू आहे. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम रिगने मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायचा साठा शोधला आणि त्याच वायूच्या भरवशावर अलिबागजवळ थळचा खत कारखाना उभा राहिला. पुढे मागणी वाढत गेली, उत्पादन मागे पडले. आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून येतो, तोही द्रवरूपात जहाजांतून. हा द्रवरूप वायू भारताला सर्वाधिक पुरवत आलेला देश म्हणजे कतार.

कतारच्या समोर, पर्शियन आखाताच्या पलीकडे इराण आहे. जगातला सर्वांत मोठा वायूसाठा या दोघांच्या मधोमध, समुद्रतळाखाली सुमारे 9,700 चौरस किलोमीटरवर पसरला आहे. त्यातला अंदाजे 6,000 चौरस किलोमीटरचा भाग कतारकडे, 3,700 इराणकडे. कतार त्याला ‘नॉर्थ फील्ड’ म्हणतो, इराण ‘साउथ पार्स’. खडक एकच, वायूही एकच.

देशाचा एकूण साठा पाहिला तर इराणचे पारडे जड. त्याच्याकडे सुमारे 32 लाख कोटी घनमीटर वायू, कतारकडे सुमारे 25 लाख कोटी. लोकसंख्येने भागल्यावर मात्र चित्र उलटते. कतारमध्ये परदेशी कामगार धरून जेमतेम 30 लाख माणसे राहतात, इराणमध्ये नऊ कोटींच्या आसपास. म्हणजे कतारमध्ये माणशी 80 लाख घनमीटरहून जास्त, इराणमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास. भारताचा हिशोब याच रीतीने केला तर माणशी हजार घनमीटरही भरत नाहीत.

आधी उपसा, मग भाव

माणशी वाट्यापेक्षाही मोठा फरक विक्रीत आहे. वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. कतारने रास लफान बंदरात हे कारखाने उभारले. 1996 च्या अखेरीस तिथून पहिले जहाज जपानला निघाले आणि पुढे क्षमता वर्षाला 7.7 कोटी टनांवर गेली.

इराणने साउथ पार्समधून उत्पादन सुरू केले ते 2002 मध्ये. बांधाला बांध लागून दोन विहिरी असाव्यात, झरा एक असावा आणि एकाची मोटर कितीतरी वर्षे आधी सुरू व्हावी, तसा हा प्रकार. अमेरिकी निर्बंधांमुळे यंत्रे आणि भांडवल अडले. 2018 मध्ये फ्रान्सची टोटल कंपनी साउथ पार्सचा अकरावा टप्पा सोडून गेली. इराणचा बहुतेक वायू घरगुती वापरातच, तोही अतिशय स्वस्त दराने, संपतो. 2024 च्या डिसेंबरात वायूच्या टंचाईमुळे इराणमधल्या शाळा आणि कार्यालये बंद ठेवावी लागली. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा साठा पायाखाली असताना ही वेळ आली!

भारताने दोन्ही दारे ठोठावली होती. ओएनजीसी विदेश या भारतीय कंपनीच्या गटाने 2008 मध्ये इराणच्या समुद्रात फरझाद-बी हा साठा शोधला. वाटाघाटी वर्षानुवर्षे लांबल्या आणि 2021 मध्ये इराणने ते काम स्वतःच्या पेट्रोपार्स कंपनीला दिले. इराण-पाकिस्तान-भारत वायुवाहिनीही भारतापर्यंत आली नाही. कतारशी 1999 मध्ये झालेला करार मात्र टिकला. वर्षाला 75 लाख टन द्रवरूप वायूचा हा करार फेब्रुवारी 2024 मध्ये गोव्यात 2028 पासून आणखी वीस वर्षांसाठी वाढवण्यात आला.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. जमिनीखालच्या वायूची किंमत घनमीटरला भावाने गुणून निघत नाही. तो द्रवरूप करणारा कारखाना, बंदर, जहाजे, दीर्घ मुदतीचे करार आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी शांतता हे सगळे जुळले तरच साठ्याची संपत्ती होते. कतारला ते जमले, इराणला जमू दिले गेले नाही आणि काही अंशी त्याने स्वतःही जमवले नाही.

ज्याच्याकडे साठाच तुटपुंजा, त्या भारताला काटकसरीचाच मार्ग उरतो. युरियाची खरी किंमत छापील दराच्या कित्येक पट आहे आणि वरचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपल्यावरच पडतो. हिंगोलीच्या शेतकऱ्यांच्या हातात इथे बरेच काही आहे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र स्वतः बांधतात, म्हणून पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम लावावे आणि त्या पिकावर युरियाचा मारा टाळावा. हळदीला युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने, जमिनीत ओल असताना, मातीआड द्यावा. या खरिपाआधी माती परीक्षण करून घ्या आणि अहवालात जेवढे लिहिले आहे तेवढ्याच गोण्या आणा.