वाऱ्याने घडलेली काच

सोसायटीच्या बागेत सकाळी गवत कापायचं यंत्र चाललं होतं आणि माझी इलेक्ट्रिक गाडी शेजारीच चार्जिंगला लावलेली होती. पात्याखालून हरभऱ्याएवढा एक खडा उडाला आणि गाडीच्या मागच्या दरवाजापलीकडे असलेल्या छोट्या तिकोनी काचेवर बसला. मी पोहोचले तेव्हा काच जागेवरच उभी होती, पण दह्यासारखी पांढरी झाली होती. कान जवळ नेला तर आतून बारीक आवाज येत होता. तड्... तड्... तडतड. तापल्या तेलात मोहरी पडावी तसा. मिनिटभरात मधला भाग खचला आणि सीटवर दाण्यांचा सडा पडला.

ते दाणे मी ओंजळीत घेतले. खडीसाखरेसारखे जाड, चौकोनी, कडा बोथट. हाताला ओरखडाही आला नाही. लहानपणी हातातली बांगडी पिचली की तिचं टोक मनगटात कसं घुसायचं, ते अजून आठवतं. बांगडीही काचेचीच आणि हीसुद्धा काचच. मग एकीचे काटे होतात आणि दुसरीची साखर, असं का? दुसरं कोडं याहून मोठं होतं. खडा लागला खालच्या कोपऱ्यात, मग वरचा कोपरा का फुटला? तिथे तर कुणी हातही लावला नव्हता.

उत्तर काचेच्या जन्मात आहे. गाडीच्या बाजूची काच आधी साधीच असते. वाळू, सोडा आणि चुना वितळवून केलेली. तिला हव्या त्या आकारात कापतात, कडा घासून गुळगुळीत करतात आणि मग भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या तापमानाला काच वितळत नाही, पण मऊ पडते, साच्याप्रमाणे वाकते. भट्टीतून निघताक्षणी दोन्ही बाजूंनी शेकडो छिद्रांमधून तिच्यावर थंड वाऱ्याचे झोत सोडतात. सगळा खेळ काही सेकंदांचा.

त्या सेकंदांत जे घडतं ते विलक्षण आहे. वारा लागताच काचेची कातडी थिजते, पोट मात्र अजून गरम असतं. थोड्या वेळाने पोटही निवू लागतं आणि निवताना त्याला आकसायचं असतं. पण वरची कातडी आधीच कडक होऊन बसलेली. ती काही पोटाबरोबर तेवढी आत यायला तयार नसते. पोट कातडीला आत ओढतं, कातडी पोटाला बाहेर ताणून धरते आणि या ओढाताणीतच काच गार होते. भांडण मिटत नाही. ते काचेत कायमचं कोंडलं जातं.

हा दाब थोडाथोडका नसतो. पूर्ण कडक केलेल्या काचेच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७०० किलो किंवा त्याहून जास्त दाब असतो. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर एका जुन्या मारुती ८०० गाडीचा भार. काच फुटते ती चीर उघडत गेल्यामुळे. इथे पृष्ठभागच इतका घट्ट आवळलेला असतो की बारीक चिरेला तोंड उघडायला जागाच मिळत नाही. म्हणून ही काच साध्या काचेच्या जवळपास चौपट मजबूत असते. तुटेपर्यंत ताणू नये, असं आपण म्हणतो आणि माणसांच्या बाबतीत ते खरंच आहे. ही काच मात्र ताणून ठेवली आहे म्हणूनच टिकते.

या आवळलेल्या कातडीची जाडी किती? काचेच्या एकूण जाडीच्या साधारण पाचवा हिस्सा, प्रत्येक बाजूला. चार मिलिमीटरच्या काचेत एक मिलिमीटरसुद्धा नाही. खड्याचं टोक तेवढं भेदून आत गेलं की ते ताणलेल्या पोटाला टोचतं. मग कोंडलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते. चीर धावते, तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात. वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर. तीस सेंटीमीटरची काच पार करायला चिरेला एका सेकंदाचा पाच हजारावा भाग पुरतो. वरचा कोपरा फुटला तो खड्यामुळे नव्हे. तो स्वतःच्या ताणानेच फुटला, खड्याने फक्त कुलूप उघडलं. मागून ऐकू येणारी तडतड म्हणजे उरलासुरला ताण सैल होण्याचा आवाज.

माणसाला ही गंमत साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की शेपटीवाला अश्रू तयार होतो. त्याचं डोकं हातोडीने ठोकलं तरी फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की सबंध थेंबाची भुकटी होते. १६६० च्या सुमारास प्रिन्स रुपर्ट यांनी असे थेंब इंग्लंडात नेले, म्हणून त्यांना रुपर्टचे थेंब म्हणतात. रॉबर्ट हूक यांनी १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिलं. थेंब फुटताना आत काय घडतं ते नीट दिसायला मात्र १९९० च्या दशकातले अतिवेगवान कॅमेरे यावे लागले. माझ्या गाडीची ती काच म्हणजे चपटा केलेला रुपर्टचा थेंबच होता.

समोरची मोठी काच वेगळ्या जातीची असते. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दाबून बसवलेला असतो. खडा लागला की तिथे चांदणी उमटते, पण काच जागा सोडत नाही. चांदणी लहान असेल तर राळ भरून ती दुरुस्तही करता येते. कडक केलेल्या काचेला अशी मधली अवस्था नाही. ती एकतर अखंड असते, नाहीतर साखर. म्हणून ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते.

गाडीत न उघडणारी एवढीशी काच हवीच कशाला? कारण गाडीच्या चाकात आहे. मागच्या चाकाची कमान दरवाजाचा खालचा कोपरा खाऊन टाकते. काच खाली उतरवायची तर तिला दोन समांतर खाचांतून सरळ दरवाजाच्या पोटात जावं लागतं, आणि तिथे तर चाक. म्हणून उतरू शकेल तेवढा भाग हलता ठेवतात आणि उरलेला तिकोन कायमचा बसवून टाकतात. काही गाड्यांत तो दरवाजातच असतो, माझ्या गाडीसारख्या काहींत दरवाजामागच्या खांबात. तिथे काच नसती तर पत्रा असता, आणि वळताना शेजारून येणारा दुचाकीस्वार त्या पत्र्याआड लपला असता.

काही इलेक्ट्रिक गाड्यांत असा तिकोन पुढेही असतो. मोटर लहान असते, बॅटरी तळाशी पसरलेली असते, त्यामुळे पुढे लांब नाक लागत नाही. समोरची काच पुढे सरकते, तिच्या बाजूचा खांब लांब आणि तिरका होतो, आणि खांब नि दरवाजा यांच्यात फट पडते. फोक्सवॅगनच्या आयडी थ्रीमध्ये ती फट एका छोट्या काचेने भरली आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना मात्र पुढचा तिकोन वेगळ्या कारणासाठी आठवेल. तो फिरायचा. चालक तो तिरपा करून वारा थेट अंगावर घ्यायचे. कुर्ल्यात तयार झालेल्या त्या गाड्या २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाल्या. गाड्यांत एसी आला, तिकोनाचं फिरणं थांबलं. वारा आत घेणारी काच वारा बाहेर ठेवू लागली.

नवी काच चार दिवसांनी आली. ‘कापून बसवता येणार नाही का?’ असं मी आधी काचवाल्या दादांना विचारलं होतं. ते म्हणाले, “ताई, ही कापायची काच नाही. हिला करवत लागली की सगळी जाते. जन्मली त्याच आकारात बसणार.” एका वाक्यात त्यांनी सगळं शास्त्र सांगितलं. नवी काच एकटी आलीच नव्हती. तिच्या कडेला काळी पट्टी कारखान्यातच ओतून पक्की केलेली होती, मागे बसवायच्या खुंट्याही होत्या. कोपऱ्यात बारीक शिक्का होता. असा शिक्का प्रत्येक गाडीच्या काचेवर असतो. भारतात या सुरक्षा काचांसाठी आयएस २५५३ हे मानक आहे, आणि युरोपीय मान्यतेच्या काचेवर ४३आर असं लिहिलेलं दिसतं.

तो शिक्का वाचताना मला तळेगाव आठवलं. १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा वर्गणी, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना आणि तिला लोकमान्य टिळकांचं पाठबळ. तिथून जवळच, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आज गाड्यांच्या काचा तयार होतात. एकेका पैशाने ज्या मुलखात काचेचा ध्यास घेतला, तिथेच आज काचेला वाऱ्याने कडक करण्याची विद्या रुळली आहे.

दादांनी काम सुरू केलं ते काचेपासून दूर. आधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी सोडवली. खांबाच्या प्लॅस्टिक आवरणामागून, छताच्या कडेने, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग जाते. तिच्याजवळ हात घालायचा तर वीज बंद हवी. तळाची मुख्य बॅटरी कित्येकशे व्होल्टची असते आणि तिच्या जाड नारिंगी केबलींना काचेच्या कामात कुणी हात लावत नाही. मग आवरणाच्या क्लिपा नायलॉनच्या पट्टीने एकेक करून सुटल्या. खांबाच्या पोकळीत पडलेले दाणे शोषून काढायला अर्धा तास गेला. “एक जरी राहिला तरी रोज खडखडेल,” दादा म्हणाले. “इंजिनच्या गाडीत कळत नाही. हिच्यात सुई पडली तरी ऐकू येते.”

चौकटीवर जुन्या काळ्या गोंदाचा थर होता. दादांनी तो पात्याने तासला, पण पुरता काढला नाही. एक-दोन मिलिमीटरचा सारखा थर मुद्दाम ठेवला.

“दादा, जुना सगळा का नाही काढत?”

“नवा गोंद जुन्यावर कलमासारखा धरतो, ताई. पत्र्यापर्यंत गेलो तर रंग जाणार, मग गंज आत शिरणार.”

नव्या काचेच्या कडेला काळा पट्टा असतो आणि आतल्या बाजूला तो ठिपक्याठिपक्यांनी विरत जातो. मी त्याला शोभा समजत होते. पण ती काचेवर भाजून पक्की केलेली सिरॅमिकची शाई आहे. गोंदाला ऊन सोसत नाही, अतिनील किरणांनी तो झिजतो. तो पट्टा म्हणजे गोंदाची छत्रीच. त्या पट्ट्यावर प्राइमरचा हात फिरला, तो सुकला, आणि मग दादांनी बंदुकीतून गोंदाची धार सोडली. तिचा छेद त्रिकोणी, म्हणजे काच दाबली की धार दोन्ही बाजूंना सारखी पसरते. जिथे सुरुवात झाली तिथेच शेवट येऊन मिसळला. मग काच चौकटीत गेली, तळव्याने दाबली गेली आणि चिकटपट्ट्यांनी बांधून ठेवली.

हा गोंद पॉलियुरेथेनचा. आपण म्हणतो गोंद वाळतो, पण हा वाळत नाही, उलट हा हवेतला ओलावा पितो. पाण्याचा रेणू भेटला की त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि लगदा हळूहळू कणखर रबर होतो. बाहेरून आत, दिवसाला साधारण तीन-चार मिलिमीटर. म्हणून पावसाळी हवा त्याला मानवते, फक्त लावताना पृष्ठभाग कोरडा हवा. निघताना दादांनी बजावलं की आजची रात्र एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. दार आपटलं की आतली हवा दाबली जाते आणि कच्च्या गोंदावरची काच बाहेर ढकलते. दोन दिवस जोरदार फवाऱ्याने गाडी धुवायची नाही, हेही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी महामार्गावर गेले. जिथे इंजिनाची घरघर नसते, तिथे वाऱ्याचा आवाज पहिला उठून दिसतो. पट्टीखाली केसाएवढी फट राहिली तर वारा तिच्या कडेवर बासरीसारखा वाजतो. गाडी ऐंशीवर गेली. फक्त टायरचा आवाज. तिकोन गप्प होता.

परतल्यावर एक गोष्ट करायची राहिली होती. निळ्या आकाशाचा प्रकाश काही अंशी ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला झुकलेली असतात. ताणाखालच्या काचेतून जाताना त्या कंपनांची घडण बदलते, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवलं होतं. मी ध्रुवक गॉगल लावला, पश्चिमेला सूर्य कलला होता, आणि नव्या काचेकडे तिरपं पाहिलं. नितळ वाटणारी काच चित्त्याच्या पाठीसारखी ठिपक्यांनी भरून गेली. ओळीने, सारख्या अंतरावर. प्रत्येक ठिपका म्हणजे भट्टीबाहेर तिच्यावर आदळलेल्या एकेका झोताचा ठसा.

मी गॉगल काढला, ठिपके गेले. लावला, परत आले. वाऱ्याच्या फुंकरीने ती घडली, हवेच्या ओलाव्याने चौकटीला धरली, आणि आता तिचं आयुष्यभराचं काम एकच आहे, वारा अडवायचं.